तिसरे शरण

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी कोजागिरी येते. गच्चीवर शेगडी जाते, दूध आटते, केशर-चारोळी पडते, आणि पातेल्यातला चंद्र पाहून झाला की मंडळी पत्त्यांचा डाव मांडतात. लक्ष्मी त्या रात्री ‘कोण जागे आहे’ असे विचारीत फिरते, अशी आपली समजूत. याच आश्विनी पौर्णिमेला बौद्ध भिक्षूंचा वर्षावास संपतो. पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी काढलेले भिक्षू त्या दिवशी एकत्र बसतात आणि थोरल्यापासून धाकट्यापर्यंत प्रत्येक जण हात जोडून इतरांना विनंती करतो, की या तीन महिन्यांत माझ्या हातून काही वावगे घडलेले तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल, किंवा तशी नुसती शंका आली असेल, तरी कृपा करून मला सांगा. या विधीला पाली भाषेत ‘पवारणा’ म्हणतात.

आपण एका छपराखाली तीन महिने नव्हे, तीस-तीस वर्षे काढतो. पण असे विचारण्याची छाती कोणाची होते? सासूने सुनेला, साहेबाने कारकुनाला, किंवा आम्हा प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना हा प्रश्न वर्षातून एकदा विचारायचे ठरविले, तर दिवाळीच्या फटाक्यांची गरज उरणार नाही!

या सदराचा नेहमीचा वाचक म्हणेल, की मास्तर, फराळाच्या ताटात हे भिक्षू कोठून आणलेत? तर त्याचे असे आहे. बुद्ध, धम्म आणि संघ अशी बौद्धांची तीन शरणे. त्यांपैकी पहिली दोन पश्चिमेकडच्या लोकांनी गेल्या दीडशे वर्षांत मोठ्या आवडीने उचलली. लंडनच्या नि न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती असते, कपाटात धम्मावरची पुस्तके असतात. अडते ते तिसऱ्यापाशी. संघ म्हणजे माणसांबरोबर राहणे. आणि तेथे विलायतेतला साधक कसकसा अडखळला, कसा सावरला, ही हकीकत आपल्या घराच्या चार भिंतींतही उपयोगी पडण्यासारखी आहे.

पश्चिमेत बुद्ध प्रथम गेला तो पुस्तकातून. त्यातले एक पुस्तक फार गाजले : एडविन अर्नोल्ड यांचे ‘द लाइट ऑफ एशिया’ हे १८७९ सालचे काव्य. हे अर्नोल्डसाहेब तरुणपणी पुण्यात, पुढे डेक्कन कॉलेज या नावाने प्रसिद्धीस आलेल्या कॉलेजचे प्राचार्य होते. दोनच वर्षांनी, १८८१ साली, ऱ्हीस डेव्हिड्स यांनी लंडनला पाली टेक्स्ट सोसायटी काढली आणि मूळ ग्रंथ छापून निघू लागले. आपले धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या साखवाळ गावचे. बुद्धचरित्राच्या ओढीने घर सोडून ते सिंहलद्वीपात भिक्षू झाले, आणि पुढे १९१० साली ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संशोधनासाठी थेट अमेरिकेत हार्वर्डला गेले. म्हणजे पश्चिमेच्या या अभ्यासात मराठी मुलखाचा आणि मराठी माणसाचाही थोडा हात आहे.

परंतु पुस्तकातला बुद्ध सोयीचा असतो. पुस्तक मिटले की तो गप्प बसतो. संघ तसा मिटता येत नाही. त्यात माणसे असतात. त्यांना भूक लागते, राग येतो, ती आजारी पडतात, त्यांना मुले होतात, आणि भांडी कोणी घासायची यावरून त्यांची भांडणे होतात. विनयपिटकात एक कथा आहे. एक भिक्षू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता, आणि तो इतरांच्या उपयोगी पडत नसे म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धाने आनंदाला पाणी आणायला लावले, स्वतः त्याला धुऊन काढले, आणि मग सगळ्यांना बोलावून सांगितले, की तुम्हाला येथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांकडे पाहिले नाही तर कोण पाहणार? ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. संघ या शब्दाचा अर्थ मला कोणत्याही कोशापेक्षा या गोष्टीत अधिक स्पष्ट दिसतो.

आता इंग्लंडची एक हकीकत ऐका. १९७७ साली थायलंडच्या अरण्यपरंपरेतले थोर भिक्षू अजान चा लंडनला आले. बरोबर त्यांचे अमेरिकन शिष्य अजान सुमेधो होते. लंडनमधल्या बौद्ध मंडळींनी हॅम्पस्टेड भागात एक लहानसा विहार चालविला होता. समोर रस्त्यापलीकडे दारूचा गुत्ता. सुमेधो व इतर काही पाश्चात्त्य भिक्षूंना तेथे ठेवून गुरुजी परत गेले. पण जाताना रोज सकाळी भिक्षापात्र घेऊन बाहेर पडायचे, असे सांगून गेले. लंडनच्या रस्त्यावर पात्रात भात घालणार कोण? तरी हे नेमाने निघत. १९७८ साली हॅम्पस्टेडच्या माळावर सकाळी धावायला येणाऱ्या एका गृहस्थाने चौकशी केली, की तुम्ही कोण नि हे काय करता? त्याच्याकडे ससेक्स परगण्यात एक जंगल होते. त्याची निगा कोणी राखावी, हा त्याला प्रश्न पडला होता. त्याने ते शंभर एकरांहून मोठे जंगल या भिक्षूंना देऊन टाकले! शेजारीच चिटहर्स्ट गावी एक मोडकळीस आलेला वाडा होता; तो १९७९ साली विकत घेण्यात आला, आणि ज्यांना ध्यानाची आवड म्हणून तेथे यायचे होते त्यांच्या हाती प्रथम कुदळ नि फावडे आले. पात्रात भात पडला नाही, पण अरण्य पडले.

या परंपरेच्या नियमांत एक खुबी आहे. भिक्षूने पैशाला शिवायचे नाही, स्वतः रांधायचे नाही, उद्यासाठी अन्न साठवायचे नाही, आणि दुपारी बारानंतर जेवायचे नाही. हातावर कोणी ठेवले तरच घास. वरवर पाहता हे सगळे निग्रहाचे नियम. पण त्यांचा परिणाम असा, की भिक्षूला एक दिवससुद्धा गृहस्थाशिवाय जगता येत नाही. म्हणून त्या वाड्याभोवती आपोआप एक गोतावळा जमला. थाई नि सिंहली बायका डबे घेऊन येऊ लागल्या, इंग्रज सुतार छपराला लागले, मुले आवारात खेळू लागली. माणसे जोडायची असतील तर स्वतःची गरज थोडी उघडी ठेवावी लागते, हे त्या जुन्या विनयकारांना ठाऊक होते. आपल्या नव्या सदनिकांत सारे काही असते, आणि म्हणूनच शेजारणीकडे वाटीभर साखर मागायला कोणी जात नाही.

दुसरी हकीकत अमेरिकेची, आणि ती इतकी गोड नाही. १९५९ साली शुनर्यू सुझुकी नावाचे जपानी झेन भिक्षू सॅन फ्रान्सिस्कोला आले. ते आले होते तेथल्या जपानी वस्तीच्या देवळात पुरोहित म्हणून. बारसे, लग्न नि अंत्यविधी करायला. ते रोज पहाटे ध्यानाला बसत. कोणी बरोबर बसायला आले तर ‘या’ म्हणत. येऊ लागले ते गोरे अमेरिकन तरुण. त्यांतून १९६२ साली सॅन फ्रान्सिस्को झेन सेंटर उभे राहिले आणि १९६७ साली डोंगरातल्या टासाहारा या गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी मठ निघाला. तेथे स्वयंपाकघरातले काम हीसुद्धा साधनाच मानली जाई. तिथल्या मुदपाकखान्यातून निघालेले पाव करण्याचे एक पुस्तक १९७० पासून अमेरिकेत घरोघर गेले.

सुझुकी १९७१ च्या डिसेंबरात वारले. त्यांनी गादी दिली ती रिचर्ड बेकर या अमेरिकन शिष्याला. बेकर मोठे कर्तबगार. त्यांच्या काळात शेत झाले, बेकरी झाली, १९७९ साली समुद्राकाठी एक नामांकित शाकाहारी उपाहारगृहही झाले. साधक तेथे तुटपुंज्या पगारावर रात्रंदिवस राबत, आणि महंत मात्र उंची मोटारीतून फिरत. सगळ्यांना दिसत होते. बोलत कोणी नव्हते. गुरू म्हणजे ज्ञानी, आणि ज्ञान्याचे वागणे आपल्याला काय कळणार, अशी समजूत. १९८३ साली एका विवाहित शिष्येशी त्यांचे संबंध उघडकीस आले आणि बांध फुटला. बेकरना पद सोडावे लागले. पुष्कळ जण कायमचे निघून गेले; दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे ज्यांनी तेथे घातली, त्यांना ना नोकरी होती ना शिल्लक.

मागे उरलेल्यांनी जे केले ते मला महत्त्वाचे वाटते. त्यांनी बुद्धाला बोल लावला नाही, आणि झाकपाकही केली नाही. महंताची निवड ठरावीक मुदतीसाठी करायची, कारभार मंडळाकडे ठेवायचा, तक्रार कोठे नि कशी करायची याचे नियम लिहून काढायचे, अशी घडी त्यांनी बसविली. म्हणजे पवारणाच ती, पण कागदावर मांडलेली!

यात नवे काही नाही. बुद्धाच्या हयातीतच कौशांबी नगरीत भिक्षूंचे दोन तट पडले. भांडण किती क्षुल्लक कारणाचे? शौचकूपातले पाणी भांड्यात तसेच ठेवले, एवढे. बुद्धाने समजावले, कोणी ऐकेना. तेव्हा ते एकटेच रानात निघून गेले. भिक्षू वठणीवर आले ते गावातल्या गृहस्थांमुळे. गावकऱ्यांनी ठरविले, की या भांडखोरांना नमस्कार करायचा नाही आणि भिक्षाही घालायची नाही. पोटात कावळे ओरडू लागल्यावर सगळे मुकाट्याने बुद्धाची क्षमा मागायला गेले. गुरूपुढे मान लववायची म्हणजे डोळे मिटायचे नव्हेत, हे कौशांबीच्या बायाबापड्यांना कळत होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या पदवीधरांना ते कळायला बारा वर्षे लागली. आपल्याकडच्या बुवांच्या मठांतून ते अजून कळायचे आहे.

बायकांची गोष्ट तर याहून जुनी. महाप्रजापती गौतमी, बुद्धाची मावशी नि सांभाळकर्ती आई, पायी चालत जाऊन दाराशी उभी राहिली तेव्हा कोठे भिक्षुणीसंघ निघाला, अशी परंपरा सांगते. थेरवादी देशांत ती भिक्षुणीपरंपरा पुढे शेकडो वर्षे खंडित झाली. चिटहर्स्टला १९७९ सालीच चार स्त्रिया पांढरी वस्त्रे घेऊन राहिल्या. पुढे त्यांना वेगळी दीक्षा मिळाली, पण बरोबरीचा मान नाही. २००९ साली ऑस्ट्रेलियात पर्थजवळ अजान ब्रह्म या इंग्रज भिक्षूंनी चार स्त्रियांच्या भिक्षुणीदीक्षेला साथ दिली. त्याबरोबर थायलंडमधल्या त्यांच्या मूळ मठाने त्यांच्या विहाराशी असलेले नाते तोडले. ज्या धर्मात दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी थेरींनी आपल्या मुक्तीची गाणी रचली, त्यात अजून हा वाद चालावा! आणि तो ऐरणीवर आणण्यात पश्चिमेकडच्या स्त्रियांचाही मोठा वाटा असावा, हेही विसरू नये.

फ्रान्समध्ये मात्र एकाने संघालाच केंद्र मानून सुरुवात केली. व्हिएतनामी भिक्षू थिच न्हात हान यांनी युद्धाविरुद्ध आवाज उठविला आणि त्यांना मायदेश बंद झाला. १९८२ साली त्यांनी भिक्षुणी चान खाँग यांच्याबरोबर बोर्दोच्या पूर्वेला ‘प्लम व्हिलेज’, म्हणजे आलुबुखाऱ्यांचे गाव, वसविले. बुद्धाच्या आरंभीच्या भिक्षूंची जी १२५० ही संख्या सांगतात, तितकी झाडे तेथे लावली. तेथे उन्हाळ्यात सबंध कुटुंबे मुलाबाळांसकट येतात. घड्याळाचे टोले पडले की हातातले काम थांबवून सगळे तीन श्वास शांत उभे राहतात. मुले तर मोठ्यांपेक्षा चटकन थांबतात. आणि ठराविक दिवशी सगळे गोल बसून मध्ये एक फुलदाणी ठेवतात. ज्याला बोलायचे तो ती आपल्यापुढे घेतो : आधी दुसऱ्याचे काय चांगले वाटले ते सांगायचे, मग आपले काय चुकले ते, आणि सरतेशेवटी आपल्याला काय लागले ते. तोवर दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचे नाही. आमच्या घरांत हा क्रम नेमका उलटा असतो, आणि फुलदाणीचा उपयोगही निराळा होण्याची भीती असते. न्हात हान २०२२ च्या जानेवारीत व्हिएतनाममध्ये, आपल्या मूळ मठात, वारले. पुढचा बुद्ध हा एक माणूस नसून कदाचित एक संघ असेल, असे ते म्हणत.

आता जरा अवघड भाग. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या जपानी देवळाचे पुढे काय झाले? गोरे साधक ध्यानाला येत, पण देवळातल्या कुटुंबांशी त्यांचा संबंध जेमतेम. त्या कुटुंबांनी काय भोगले होते? १९४२ साली युद्धाच्या धुमाळीत अमेरिकन सरकारने एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडायला लावून छावण्यांत कोंडले. त्या छावण्यांतही त्यांनी आपले बुद्धवंदन, मुलांच्या रविवारच्या शाळा नि मृतांची श्राद्धे चालू ठेवली. अमेरिकेत संघ खरा कोणी टिकविला असेल तर या साध्या भाविक माणसांनी. परंतु ध्यान करणाऱ्या नव्या साधकांना ते ‘नुसते कर्मकांड’ वाटे, आणि देवळातल्या वडीलधाऱ्यांना हे दाढीवाले तरुण परके वाटत. १९६९ साली सुझुकींना देऊळ सोडून नव्या शिष्यांबरोबर वेगळ्या इमारतीत जावे लागले. एकाच बुद्धाला शरण गेलेले दोन संघ, आणि मध्ये चार गल्ल्यांचे अंतर!

वाचकहो, हे वाचून दूरच्या अमेरिकेला हसण्याआधी आपण आपल्या गावाचा नकाशा पाहावा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. पश्चिमेत ध्यान आधी आले आणि माणसे जमवावी लागली. महाराष्ट्रात माणसे आधी उठली, वस्त्याच्या वस्त्या, आजीपासून नातवापर्यंत. त्यांच्यापुढे प्रश्न एकांतात मन शांत कसे करावे हा नव्हता. माणूस म्हणून मान वर करून कसे जगावे हा होता. आणि दोनच महिन्यांत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले.

त्या दिवशी नागपुरात संघरक्षित नावाचे एक इंग्रज भिक्षू होते. मूळचे लंडनचे डेनिस लिंगवुड. युद्धात सैनिक म्हणून हिंदुस्थानात आले आणि येथेच भिक्षू झाले. बाबासाहेबांना ते भेटलेले होते. बातमी आली तेव्हा त्यांनी शोकाकुल लोकांपुढे भाषण केले आणि पुढचे काही दिवस वस्त्यावस्त्यांतून सभा घेतल्या. पुढे विलायतेत परतून १९६७ साली त्यांनी स्वतःचा संघ काढला. ना पुरा भिक्षूंचा, ना पुरा गृहस्थांचा. लंडनच्या बेथनल ग्रीन या कष्टकऱ्यांच्या भागातील एका जुन्या आगबंबाच्या ठाण्यात १९७८ साली त्यांचे केंद्र उघडले. त्यांचे इंग्रज शिष्य लोकमित्र योग शिकायला पुण्याला निघाले असता १९७७ साली नागपूरचा धम्मदीक्षेचा सोहळा त्यांनी पाहिला आणि ते येथलेच झाले. १९७९ साली पुण्यात ‘त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण’ निघाला. १९८० पासून इंग्रज बौद्ध तरुण-तरुणी लंडनमध्ये दारोदार फिरून महाराष्ट्रातल्या वसतिगृहांसाठी पैसे गोळा करू लागले. संघरक्षितांच्या चरित्रावरही डाग आहेत. शिष्यांशी ठेवलेल्या शारीरिक संबंधांच्या तक्रारी १९९७ साली छापून आल्या, आणि २०१६ च्या अखेरीस त्यांनी जाहीरपणे खेद व्यक्त केला. २०१८ साली ते वारले. त्यांच्या संघाला तो वारसा सांभाळणे सोपे गेलेले नाही. पण लंडनच्या एखाद्या थंड संध्याकाळी अनोळखी दार ठोठावून पुण्याच्या झोपडपट्टीतल्या मुलासाठी मागणे, हे तिसऱ्या शरणाचेच काम होते, असे मी म्हणेन.

आपल्या मध्यमवर्गात हल्ली बुद्धाविषयी मोठा आदर आहे. १९६९ साली सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशातून आले आणि त्यांनी मुंबईत पहिले विपश्यना-शिबिर घेतले. त्यांच्याकडे शिकलेल्या अमेरिकन तरुणांपैकी काहींनी १९७६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या बारे गावी ध्यानकेंद्र उघडले. त्याच वर्षी आपल्या इगतपुरीचे केंद्र सुरू झाले. इगतपुरीला दहा दिवस मौनात बसून आलेले एक तरी माणूस आज बहुतेक प्रत्येक सोसायटीत सापडते. ते येतात, मन हलके झाले म्हणतात, आणि ते खरेच असते. परंतु मौनाच्या शिबिरात शेजारचा माणूस कोण, कुठला, कोणत्या आळीतला, हे विचारावे लागत नाही. प्रश्न अकराव्या दिवशी सुरू होतो.

जवळजवळ प्रत्येक शहरात, आपल्या घरापासून फार तर दहा मिनिटांवर, एक विहार असतो. पंचशीलाचा ध्वज, पत्र्याचे किंवा स्लॅबचे छप्पर, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. आषाढापासून तेथे रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. दिवसभर धुणीभांडी किंवा नोकरी करून आलेल्या बाया मांडी घालून ऐकत असतात. आश्विनी पौर्णिमेला वर्षावासाचा समारोप होतो, खीर वाटली जाते. आपल्या गच्चीवर दूध आटत असते तेव्हाच तेथली खीर उकळत असते. चंद्र दोन्ही पातेल्यांत एकच. दार उघडेच असते, आमंत्रण लागत नाही. वाचनाला बसावे, खिरीची वाटी घ्यावी, आणि शेजारी बसलेल्या बाईंना त्यांचे नाव विचारावे.